औषधांना दाद न देणारं बीपी आणि अँटिबायोटिकची गोळी: आधी काय करायचं, मग काय विचारायचं

बीपीच्या तीन-तीन गोळ्या चालू, तरी वरचा आकडा दीडशेच्या खाली उतरत नाही. अशा माणसाच्या मोबाइलवर कुणीतरी बातमी पाठवतं, की एका जुन्या अँटिबायोटिकनं बीपी उतरतं, अमेरिकेत संशोधन झालंय. दुसऱ्या दिवशी तो मेडिकलच्या काउंटरवर उभा राहून त्या गोळीचं नाव सांगत असतो. मी बेळगावात औषधांच्या चाचण्यांवर काम करणारी नर्स आहे, माहेर खानापूर तालुक्यातलं. खानापूर, निपाणी, हुक्केरी, शिवाय हद्दीपलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगडहून येणाऱ्या घरांना हा विषय ओपीडीच्या बाकावर बसून समजावून सांगणं हे माझं रोजचं काम आहे. तेच इथं सविस्तर लिहिते.

दोन गोष्टी आधी. ती अँटिबायोटिक, म्हणजे मिनोसायक्लिन, स्वतःहून घेऊ नका, आणि ती मिळाली म्हणून चालू असलेली बीपीची एकही गोळी सोडू नका. बाकीचं सगळं यानंतर.

बातमीत तथ्य किती

मिनोसायक्लिन ही टेट्रासायक्लिन नावाच्या अँटिबायोटिकांच्या घराण्यातली, तोंडावरच्या मुरुमांसाठी वर्षानुवर्षं दिली जाणारी. आपल्याकडे अंगावर एकच चट्टा असलेल्या कुष्ठरुग्णांना रिफाम्पिसिन आणि ओफ्लॉक्सासिनबरोबर तिचा एकच डोस देत असत, जुन्या आरोग्यसेविकांना आठवत असेल. तिचा आणि बीपीचा संबंध लागला तो फ्लोरिडा विद्यापीठात. मोहन रायझादा, कार्ल पेपिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली दाखवलं, की बीपी वाढलेल्या उंदरांच्या आतड्यांतल्या जिवाणूंची घडी बिघडलेली असते. मिनोसायक्लिन दिल्यावर ती घडी बरीचशी बसली आणि बीपीही उतरलं. ही गोळी रक्तातून मेंदूपर्यंत पोचते आणि तिथली सूज कमी करते, हे तिचं दुसरं वैशिष्ट्य. काही जणांचं बीपी मेंदूतल्या त्या सुजेमुळं आणि आतड्यातल्या बिघाडामुळं चढून बसत असेल, असा त्या मंडळींचा कयास आहे.

त्याच वर्षी त्याच विद्यापीठातून एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध झाली. 69 वर्षांच्या बाई, बीपी कित्येक दशकं आटोक्यात नव्हतं. संसर्गासाठी त्यांना व्हँकोमायसिन, रिफाम्पिसिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन द्यावी लागली, आणि तेवढ्या काळात बीपीच्या गोळ्यांशिवायच त्यांचं बीपी ताब्यात राहिलं. मोबाइलवर फिरतात त्या बातम्यांच्या मुळाशी असलंच काहीतरी असतं.

पण पुढचा भाग कुणी पाठवत नाही. 2018 साली टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच मिनोसायक्लिन उंदरांच्या दोन जातींना दिली. जन्मतःच बीपी वाढणाऱ्या जातीत वरचा आकडा खाली आला. मिठानं बीपी वाढणाऱ्या जातीत तो चढला. गोळी तीच, परिणाम उलटा. जेवणात ठेचा, लोणचं, सांडगी मिरची नि पापड असणाऱ्या आपल्या भागात हे वाचून मी तरी दचकले. तुमचं शरीर यातल्या कुठल्या वळणाचं आहे, हे सांगणारी तपासणी मेडिकलच्या काउंटरवर होत नाही.

म्हणून माणसांवर रीतसर चाचणी व्हावी लागते. आणि जुन्या औषधाला नवं काम मिळू शकतं, हे आपल्याच जिल्ह्यानं जगाला दाखवलंय. मिसोप्रोस्टॉल ही मुळात पोटातल्या अल्सरची गोळी. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव तिनं टळतो का, हे 2002 ते 2005 या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1620 बायांवर तपासलं गेलं. गोळी देणाऱ्या होत्या गावातल्या नर्सबाई. निम्म्या बायांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. बिनऔषधाच्या गोळीच्या गटात शंभरातल्या 12 जणींना अतिरक्तस्राव झाला, खऱ्या गोळीच्या गटात तेच प्रमाण 6.4 वर आलं. 2006 साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. चाचणी म्हणजे काय असं कुणी विचारलं, की मी हेच उदाहरण देते, कारण ज्यांच्यावर ती झाली त्या बाया आपल्याच गल्लीतल्या होत्या.

आधी बघा, बीपी खरंच दाद देत नाही का

डॉक्टरांच्या हिशेबात असं बीपी म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची तीन औषधं, त्यात एक लघवी वाढवणारं, पुऱ्या डोसात आणि न चुकता घेऊनही आकडा वरच राहणं. किंवा तो खाली ठेवायला चार औषधं लागणं. या व्याख्येत बसतो असं वाटणाऱ्या पुष्कळ लोकांचं बीपी प्रत्यक्षात मोजण्यात, गोळ्यांत किंवा ताटात अडकलेलं असतं. चाचणीत घेण्याआधी हे सगळं चाळून बघतातच. तुम्ही ते घरी आधी करून ठेवलंत, तर कदाचित चाचणीची गरजच उरणार नाही.

मोजण्यापासून सुरू करा. दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच वर दाखवतो, आणि मशीनबरोबर येणारा पट्टा सगळ्यांना पुरतोच असं नाही. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको, विडी-तंबाखू नको, आणि आमच्याकडच्या बायांनी हे मनावर घ्यावं, मिश्रीही नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नको. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. बाही वर गुंडाळून घट्ट झाली असेल तर ती काढाच. मग पाच मिनिटं गप्प. टीव्ही बंद, फोन लांब, सुनेशी बोलणं नंतर. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा, चांगला तेवढाच नको.

सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा. घरच्या मोजमापात ती 135/85 च्या खाली असेल, तर दवाखान्यात दिसणारा मोठा आकडा बहुधा दवाखान्याच्या धास्तीचा असतो. बसमधून उतरून जिना चढून आल्या आल्या पट्टा बांधला, तर कुणाचंही बीपी चढलेलंच दिसणार. पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजा. जिथं जास्त भरतं तो दंड पुढं वापरा.

आकडा 180/120 च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, नजर धूसर होणं यातलं काही असेल, तर वही बाजूला ठेवून तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

आता गोळ्या. घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरा: बीपीच्या, साखरेच्या, दुखण्याच्या, सर्दीच्या, वैद्यांच्या पुड्या आणि काढेसुद्धा. ती पिशवी टेबलावर उपडी केली की अर्धं कोडं तिथंच सुटतं. आमच्या हद्दीवरच्या भागाची तर वेगळीच तऱ्हा. माणूस एक चिठ्ठी चंदगडच्या दवाखान्यातून आणतो, दुसरी बेळगावातून. टेल्मिसार्टन हे बीपीचं एकच औषध दोन नावांनी दोन पट्ट्यांत येतं, दोन्ही चालू असतात, तिसरी पट्टी दुसऱ्या औषधाची, आणि लघवीची गोळी कुठल्याच चिठ्ठीत नसते. मोजायला तीन पट्ट्या, औषधं प्रत्यक्षात दोनच. म्हणून पट्टीवरचं मोठं नाव बघू नका, खाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं नाव वाचा, नाहीतर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या.

एका मावशींशी झालेलं बोलणं सांगते. मी विचारलं, "गोळ्या सगळ्या खाताय न्हवं?" त्या म्हणाल्या, "खातो की बाई. गुरुवारी उपास, मग त्या दिवशी न्हाई. आणि लगनाला गेलो की न्हाई, सारखं लघवीला जायला लागतंय तिथं." त्या खोटं बोलत नव्हत्या. गोळ्या 'सगळ्या' चालूच होत्या, फक्त रोज नव्हत्या. डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवू नका. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी कुठल्या वेळेला घ्यावी, हे विचारलं तर डॉक्टर वेळ बदलून देतात.

दुखण्याच्या गोळ्यांवर माझा विशेष राग आहे. कंबर धरली की डायक्लोफिनॅक, गुडघा दुखला की आयब्युप्रोफेन, आणि ऊसतोडीच्या हंगामात तर रोज रात्री. या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि लघवीच्या औषधाची धार बोथट करतात. वर मूत्रपिंडाला त्रास तो वेगळाच. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या, स्टेरॉइड मिसळलेल्या बेनाव पुड्या आणि खोकल्यासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमध यांनीही बीपी वर जातं. ज्येष्ठमध घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी समजू नका.

मिठाचं फार लांबवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं दिवसाला 5 ग्रॅमच्या आत सांगितलंय, म्हणजे दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून जेमतेम एक लहान चमचा. आमटीतलं मीठ लोक कमी करतात. खारातली मिरची, सुकट, फरसाण आणि भडंग मात्र हिशेबात धरत नाहीत.

एवढं करूनही सरासरी वरच असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: मूत्रपिंडाची तपासणी, रक्तातलं पोटॅशियम, लघवीतली प्रथिनं झाली का? अल्डोस्टेरॉन आणि रेनिन, म्हणजे बीपीशी संबंध असलेल्या रक्तातल्या घटकांची तपासणी करावी लागेल का? रात्री जोरात घोरणं आणि मधेच श्वास अडकणं असेल तर तेही सांगा. आपल्याला स्वतःला ते कळत नाही, बायकोला किंवा नवऱ्याला माहीत असतं. चौथी गोळी कोणती, यालाही पुरावा आहे. 2015 च्या 'पाथवे-2' या ब्रिटिश चाचणीत स्पायरोनोलॅक्टोन सगळ्यांत सरस ठरलं. जुनं आणि स्वस्त औषध आहे, पोटॅशियमवर लक्ष ठेवून देतात. मिनोसायक्लिनचा विचार करायच्या आधी हे देऊन झालंय का, हा प्रश्न चुकवू नका.

चाचणीत बोलावलं तर

समजा हे सगळं झालं आणि एखाद्या रुग्णालयातून अशा चाचणीबद्दल विचारणा आली. पहिल्यांदा नोंदणी क्रमांक मागा. भारतात माणसांवरच्या औषधचाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी करावी लागते, 2009 पासून ते सक्तीचं आहे, आणि ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही बघता येते. औषध जुनं असलं तरी काम नवं आहे, त्यामुळं चाचणीत रुग्णांचं हित जपलं जातंय ना हे बघणाऱ्या नीतिसमितीची मंजुरी लागतेच. क्रमांक सांगायला कुणी टाळाटाळ केली, तर तिथून उठून या.

मग भाषा. माहितीपत्रक तुम्हाला समजतं त्या भाषेत मिळणं हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. आमच्याकडे इंग्रजी आणि कन्नड पत्रकं तयार असतात आणि समोर बसलेली बाई मराठी. अशा वेळी "मी तोंडी सांगतो, तुम्ही सही करा" हे चालत नाही. समितीनं मंजूर केलेलं मराठी पत्रक मागा आणि घरी न्या. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार समजावून सांगण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर हवा आणि त्याची सही हवी. अंगठा उठवण्यापुरता बाहेरून बोलावलेला माणूस साक्षीदार होत नाही. पत्रकाची आणि सही केलेल्या संमतीची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.

संमतीच्या कागदावर एका जागी बहुतेक घरं अडतात. तिथं शिक्षण, व्यवसाय, वर्षाचं उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारलेलं असतं. "एलआयसीगत वारस कशाला? माणूस मरणार काय?" असं म्हणत मुलगा कागद परत सरकवतो. ही भीती मला पूर्ण समजते. चाचणीमुळं इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, मृत्यू झाला तर वारसाला भरपाई, असं औषधचाचण्यांच्या 2019 च्या नियमांत आहे. ते वारसाचं नाव त्यासाठी असतं. तो रकाना कोरा सोडू नका आणि कुणाला कोरा सोडू देऊ नका. तुमच्या रक्षणासाठीच तो आहे.

बिनऔषधाची कॅप्सूल वाट्याला येऊ शकते, हे मनाशी नीट घ्या. कुणाला काय मिळतंय हे तुम्हालाही ठाऊक नसतं आणि देणाऱ्यालाही. लोक म्हणतात, ही फसवणूक झाली. तसं नाही. 2014 साली 'सिम्प्लिसिटी एचटीएन-3' ही चाचणी झाली. मूत्रपिंडाकडं जाणाऱ्या नसा, म्हणजे मज्जातंतू (रक्तवाहिन्या नव्हेत), जाळून बीपी उतरवायचा उपाय होता, त्याआधीच्या अभ्यासांत तो भलताच गुणकारी दिसला होता. या वेळी काही रुग्णांवर नुसता दिखावा केला, नसा जाळल्याच नाहीत. उपाय झालेल्यांचा वरचा आकडा सरासरी 14 नं उतरला, दिखाव्याच्या गटाचा 12 नं. काळजी घेतली, गोळ्या वेळेवर गेल्या, कुणीतरी रोज विचारपूस केली, एवढ्यानंसुद्धा बीपी उतरतं. दुसरा गट नसता तर सगळं श्रेय उपायाला गेलं असतं. मात्र एक खातरजमा करा: दोन्ही गटांत तुमच्या नेहमीच्या बीपीच्या गोळ्या चालू राहणार ना? त्या काढणार असतील तर का, किती दिवस, आणि आकडा चढला तर पुढं काय, हे लेखी घ्या.

रोजचा त्रास कसला असेल तेही विचारा. चोवीस तास दंडाला पट्टा बांधून घरी पाठवतात. दर वीस-तीस मिनिटांनी तो फुगतो, रात्रीही फुगतो, झोप मोडते. तेवढ्या वेळात हात सैल ठेवा आणि गोठ्यातलं काम दुसऱ्या कुणाला सांगा. आतड्यातले जिवाणू बघायचे असतील तर शौचाचा नमुना डबीत द्यावा लागतो. बायांना याची फार लाज वाटते, तर डबी नर्सबाईंकडूनच घ्या, पुरुषाकडून घ्यायला लागू नये असं आधीच सांगून ठेवा. फेऱ्या किती आणि भाडं कोण देणार हेही ठरवून घ्या. कर्नाटकातल्या बायांना सरकारी बस मोफत आहे, चंदगडच्या बाईला ती सवलत नाही, आणि पुरुषांनाही नाही.

मिनोसायक्लिनचे म्हणून काही त्रास आहेत. गरगरणं, तोल जाणं, मळमळ होते. लांब मुदतीनं त्वचेवर निळसर-करडे डाग पडू शकतात. क्वचित डोक्यातला दाब वाढून तीव्र डोकेदुखी आणि दिसण्यात बिघाड होतो, सांधे धरतात, यकृताला इजा होते. असं काही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. गरोदर बाईनं ही गोळी घ्यायची नाही. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या आणि ॲसिडिटीचं औषध तिच्याबरोबर घेतलं तर ती नीट शोषली जात नाही, म्हणून वेळा वेगळ्या ठेवा. आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही, शेजाऱ्यालाही, त्यातली कॅप्सूल देऊ नका. गरज नसताना महिनोन्महिने अँटिबायोटिक खाल्ली की जिवाणू तिला सरावतात, आणि उद्या खऱ्या आजारात ती लागू पडत नाही.

मन बदललं तर चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं, कारण न सांगता, आणि त्यामुळं तुमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. फक्त गपचूप गोळ्या थांबवून घरी बसू नका. कळवा, शेवटची तपासणी करून घ्या, उरलेल्या कॅप्सूल परत करा.

चाचणी संपली की कॅप्सूलही संपतात, मग बीपी उतरलेलं असो वा नसो. शेवटच्या फेरीला तीन गोष्टी मागून घ्या: तुमच्या सगळ्या तपासण्यांच्या प्रती, पुढं कोणत्या गोळ्या चालू ठेवायच्या त्याची चिठ्ठी, आणि कोणाला खरं औषध मिळालं होतं हे कधी कळेल त्याची अंदाजे तारीख. ती तारीख बीपीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्या महिन्यात फोन लावून विचारा.